धुक्याबाबतचा ठराव

पोर्तुगालमधली अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही एप्रिलमध्ये उलथली आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात साल्गादा या कोळीगावात धुकं आलं. दोन्ही घटनांचा परस्परसंबंध नाही, असं ग्रामसमितीच्या इतिवृत्तात स्पष्ट नोंदवलेलं आहे. इतिवृत्त दिओलिंदा लिहीत असे. तिचा नवरा झेफेरिनु त्या पहाटे अकरा जणांना घेऊन होडीतून तारली मासे पकडायला गेला होता.

पूर्वी धुकं आलं की वरून नेमलेले सरपंच नुसतं बोट हलवत आणि शिपाई कचेरीच्या गच्चीवरचा भोंगा वाजवी. त्या आवाजाच्या रोखानं होड्या खडक चुकवत बंदरात येत. सरपंच पळाल्यावर गावानं पहिल्याच सभेत प्रश्न केला, धुकं आहे की नाही हे एकट्या माणसानं का ठरवायचं? कडाडून टाळ्या पडल्या. दिओलिंदानंही वाजवल्या. यापुढे धुकं बहुमतानं ठरेल, असा ठराव झाला. भोंग्याच्या खोलीची किल्ली पुन्हा एका हाती जाऊ नये म्हणून ती पेटीत ठेवली आणि पेटीला तीन पक्षांची तीन कुलपं लावली.

“मास्तर, धुकं आलंय,” त्या सकाळी सभा सुरू होताच दिओलिंदा म्हणाली.

“आलंय, असं तुमचं म्हणणं आहे,” अध्यक्ष बेल्मिरु मास्तर म्हणाले. “आधी व्याख्या करू. चर्चचा मनोरा दिसला नाही, तर धुकं.”

न्हावी आन्सेल्मु ताडकन उठला. “चर्चच का? आता काय धुकंसुद्धा पाद्र्यांना विचारून पडणार?”

मुद्दा बिनतोड होता. प्रत्यक्ष पाहणीसाठी पाच जणांची उपसमिती नेमली. ती बाहेर पडली आणि चौकातच रस्ता चुकली. अहवालाअभावी धुकं सिद्ध होईना.

“अरे मेल्यांनो, माझी दोन पोरं आहेत त्या होडीत!” पर्पेतुआ मावशी ओरडल्या. “खडकावर आपटायची वाट बघताय का?”

“सूचना लेखी द्या, मावशी,” मास्तर म्हणाले.

“लेखी? ये इकडं, तुझ्या टकलावरच लिहिते!”

अखेर साडेअकराला एकोणीस विरुद्ध सतरा मतांनी धुकं मंजूर झालं. विरोधी सतरांनी, आपल्याला अजूनही सगळं स्वच्छ दिसतंय, असा शेरा नोंदवायला लावला. पेटीच्या कुलपांच्या दोन किल्ल्या निघाल्या.

“तिसरी कुणाकडं?” मास्तरांनी विचारलं.

“आमच्या ह्यांच्याकडं,” दिओलिंदा म्हणाली.

“मग बोलवा त्यांना.”

“ते होडीत आहेत, मास्तर.”

मास्तरांनी चष्मा पुसला. “मग ते येईपर्यंत सभा तहकूब करावी लागेल.”

दिओलिंदानं लेखणी खाली ठेवली, पेटी उचलली आणि खिडकीतून खालच्या दगडी फरसबंदीवर फेकली. तिन्ही कुलपं शाबूत राहिली; पेटीचे तुकडे झाले. पाच मिनिटांत भोंगा वाजू लागला. पाऊण तासानं बाराच्या बारा जण निथळत सभागृहात आले. त्यांच्यामागोमाग, त्याच आवाजाच्या रोखानं, उपसमितीही परतली.

सार्वजनिक पेटी फोडल्याबद्दल दिओलिंदाच्या निषेधाचा ठराव तोवर मांडला गेला होता. झेफेरिनु बोलायला उठला.

“माझी बायको म्हणून सांगत नाही,” तो म्हणाला, “पण निषेध कसला करताय? मी तर म्हणतो, यापुढं सगळं हिनंच ठरवावं. धुकं, रस्ते, सगळं. हिला जमतं. आपण कशाला डोकेफोड करायची? आपण आपले मासे धरू.”

सभागृहात समाधानाचा मोठा सुस्कारा उमटला. क्रांतीनंतर प्रथमच सगळे हात एकदम वर गेले. आन्सेल्मुनं तर दोन्ही केले.

“अरे, डोकी फिरली का तुमची?” दिओलिंदा किंचाळली. “मी फक्त पेटी फेकली! उद्या माझं चुकलं तर? मास्तर, माझा विरोध लिहा!”

“ठराव तुमच्याबद्दलचा आहे. तुम्हाला मत नाही,” मास्तर हळुवारपणे म्हणाले. “आणि इतिवृत्त तुम्हीच लिहिता.”

मग ते हात मोजू लागले. वाचकांपैकी कुणाचा हात एव्हाना नकळत वर गेला असेल, तर कृपया तो तसाच ठेवावा. मोजणी अजून चालू आहे.