सगुणाचं विरजण

कोपरच्या चाळीतला पहिला फ्रिज सगुणाच्या घरी होता. रविवारी सकाळी तिने तो उघडला, तर तिची बाटली जागेवर नव्हती. बाटली मोरीत सापडली, स्वच्छ धुऊन पालथी घातलेली.

"आई, यातलं दही कुठंय?"

"परवा बायजेनं विरजण मागितला, दिला," आवडाबाई कोलंबी सोलता सोलता म्हणाल्या.

ठाण्याच्या एका कॉलेजात सगुणा दह्यातल्या जिवाणूंवर पीएच.डी. करत होती. जिवाणूच्या आवरणात बारीक दारं असतात. खाऱ्या पाण्यातून तो एकदम गोड्या पाण्यात पडला, की पाणी आत घुसून टम्म फुगतो. मग ही दारं उघडतात, आतले क्षार बाहेर पडतात आणि बिचारा वाचतो. दारं नसली तर फटकन फुटतो. असे बिनदाराचे जिवाणू मिळवायला सगुणाने जिवाचं रान केलं होतं. कॉलेजातला फ्रिज बंद पडला म्हणून तिने ते घरी आणले, आणि सोमवारी सरांपुढे प्रयोग करून दाखवायचा होता.

ती शेजारी बायजाबाईंकडे धावली.

"त्याची कढी झाली गं! पण थोडा विरजण आंबिवलीला धाडलाय, माझ्या नणंदेकडं."

सगुणा तडक आंबिवलीला गेली. नणंद जनाबाई ओट्यापाशी मठ्ठा करत होत्या.

"दह्याला कालच मीठ लावून ठेवलेला. आता गार पाणी ओतला बघ. घे, पी!"

सगुणाला हसावं की रडावं कळेना. तिचा सोमवारचा प्रयोग जनाबाईंनी रविवारीच उरकला होता. ती पेलाभर मठ्ठा निमूटपणे प्याली. चांगला झाला होता, हे तिला फारच लागलं.

घरी येऊन ती ढसाढसा रडली. "आई, माझं सगळं संपलं गं!"

"काय संपला?" आवडाबाईंनी लोणच्याच्या बरणीमागून झाकणाची डबी काढली. "विरजण कोणी सगळा देतं का? तुझ्या बाटलीतला चमचाभर मागं ठेवलाय."

रात्री सगुणाने त्या डबीतच दूध घालून दही लावलं. सोमवारी आधी मीठ, मग साधं पाणी. सूक्ष्मदर्शकाखाली सरांच्या डोळ्यांदेखत जिवाणू पटापट फुटले. सर खूश झाले. सगुणाने मात्र भीत भीत डबीची सगळी हकिगत सांगून टाकली. आता सर तासणार, अशी तिची खात्री होती.

सरांनी उठून दार लोटून घेतलं.

"सगुणा," ते हळूच म्हणाले, "आमच्याकडे दही कधी धड लागतच नाही. चमचाभर मिळेल का?"

सगुणाने डबी उघडली, आधी चमचाभर बाजूला काढून ठेवलं आणि मगच सरांना दिलं.