अधिकृत भगदाड

नाहूर स्टेशनच्या मागे काचेचे सात टॉवर उभे राहिले, त्यांना एक झकास इंग्रजी नाव मिळालं, फक्त स्टेशनावरून तिथे जायचा रस्ता तेवढा राहिला. रिक्षाने हायवेला वळसा, पस्तीस मिनिटं! म्हणून कंपाउंडच्या भिंतीला एक भगदाड पडलं. कोणी पाडलं, माहीत नाही. पण त्यातून रोज चार हजार माणसं चार मिनिटांत ऑफिसला पोचायची, त्यात आपली दर्शना. ती प्रोबेशनवर. साडेनऊचा अंगठा तीनदा हुकला की परमनंट व्हायचं विसरा.

आणि त्यातच बिझनेस पार्कचे मॅनेजर भाऊराव जपानचा अभ्यासदौरा करून आले ना!

"तिथे आधी स्टेशन, मग फूटपाथ, मग ऑफिसं," त्यांनी सगळ्या स्टाफला जमवून सांगितलं. "आपली ऑफिसं तर बांधून तयार आहेत. म्हणजे शेवटची पायरी आपण आधीच गाठली!"

दर्शनाने हात वर केला. "सर, मग ती भिंत पाडा ना!"

"मॅडम, भिंत पाडायला चौदा परवानग्या लागतात. भगदाडाला तर एकही नाहीये. आधी ते अधिकृत करू."

दर्शना खूश. भगदाडाला ग्रॅनाइटची चौकट आली, दार आलं, कार्ड टेकवायचं मशीन आलं, वॉचमन आला, 'येण्याचे कारण' लिहायला रजिस्टर आलं. मग कळलं, अधिकृत दाराला फायरवाल्यांची एनओसी लागते. ती येईपर्यंत दाराला कुलूप. तेही इम्पोर्टेड!

उद्घाटनाला जपानी पाहुणे आले. हायवेला वळसा घालून, दीड तास उशिरा.

"इथून रोज किती लोक जातात?" त्यांनी विचारलं.

"अनधिकृत होतं तेव्हा चार हजार," भाऊराव छाती काढून म्हणाले. "आता शिस्त आलीय. एकही नाही."

इकडे दर्शनाचे दोन लेट मार्क पडलेले. तिसरा पडला असता तर वाटच! पण पब्लिक ऐकतंय होय? दहा फुटांवर नवं भगदाड! दर्शना ओढणी फाडून घेत घुसली, नऊ एकोणतीसला अंगठा टेकवला. महिन्याभरात परमनंट. मग स्कूटर घेतली, पार्किंगचा स्टिकर मिळाला.

पुढच्याच सोमवारी नव्या भगदाडाविरुद्ध अर्ज फिरला: 'बाहेरची गर्दी पार्किंगमध्ये शिरते.' पहिली सही कोणाची? दर्शनाची!

"अगं, तू त्यातूनच यायचीस ना?" शेजारच्या टेबलावरची ऋतिका ओरडली.

"यायचे ना," दर्शना शांतपणे म्हणाली. "म्हणूनच सांगते. कोणीही येऊ शकतं."

हसताय काय यार? तुमच्या सोसायटीचं मागचं गेट कामवाल्या मावशींना जवळ पडायचं. ते बंद करायच्या मेसेजला कोणी कोणी लाइक दिलंय, ग्रुप उघडून बघा एकदा.