शोभेचा खांब

उंच इमारत उभी राहायला खांब लागतात, असे इंजिनिअरसाहेबांचे प्रामाणिक मत होते. उमेदवारीच्या काळात कंपनीने ते खपवून घेतले. पण साहेब ज्येष्ठ झाले, आणि ज्येष्ठ माणसाने असले हट्ट धरणे वरिष्ठांना बरे दिसेना.

निमित्त झाले सँपल फ्लॅटचे. इमारत बांधण्याआधी गिऱ्हाइकांना दाखवायला प्लायवुडचे एक घर उभारले होते. त्याच्या डोक्यावर पत्र्याखेरीज काही नसल्याने त्यात खांब नव्हता. गिऱ्हाइके त्या मोकळ्या हॉलमध्ये हरखून फिरली आणि फ्लॅट हातोहात खपले. एक तर साहेबांच्या बायकोनेच घेतला. मग खरी इमारत उभी राहिली, आणि प्रत्येक हॉलमध्ये सोफा ठेवायच्या नेमक्या जागी मिठीत न मावणारा खांब निघाला.

विक्रीप्रमुखांनी बैठक बोलावली.

"साहेब, इमारत सँपलप्रमाणे का बांधली नाहीत?"

"सँपलच्या डोक्यावर चाळीस मजले नव्हते."

"ही तांत्रिक बाब झाली. गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते बोला."

बराच खल होऊन असे ठरले की खांब राहील, मात्र कागदोपत्री त्यास 'शोभेचा खांब' म्हणावे. साहेबांनी आढेवेढे घेतले. पण त्याच बैठकीत त्यांच्या बढतीचा विषय होता. नाव काही का असेना, खांब तर जागेवर राहतोय, असा विचार करून त्यांनी सही ठोकली आणि ते मुख्य अभियंता झाले.

आता कंपनीच्या नियमावलीत एक जुने कलम होते: शोभेच्या वस्तू गिऱ्हाइकाच्या इच्छेनुसार काढून मिळतील. विक्रीप्रमुख नियम मोडणाऱ्यांतले नव्हते. बाराव्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांचा पहिला अर्ज आला, आणि मग रीघच लागली.

साहेबांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी सगळ्या फ्लॅटवाल्यांची सभा बोलावली आणि कळवळून सांगितले, "अहो, हा खांब शोभेचा नाही! तुमच्या डोक्यावरचे सगळे मजले त्यानं पेललेत. तो काढलात तर बायकापोरांसकट खाली याल."

सभा गहिवरली. हेडमास्तर उठले. "खांब राहिलाच पाहिजे! सगळ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे." टाळ्या पडल्या. ठराव एकमताने मंजूर झाला. टाळ्या ओसरल्यावर हेडमास्तर म्हणाले, "फक्त बाराव्या मजल्यापुरती सवलत द्या. आमचा सोफा येऊन पडलाय."

नवव्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी त्याला शास्त्रीय आधार दिला. "वरचा राहतोय, खालचा राहतोय, मधला एक नसला तर काय बिघडतं? मी रोज दात काढतो. कुणाचा जबडा पडलाय का?"

सभा संपली तेव्हा हजर असलेल्यांचे मजले सोडून बाकी सर्व मजल्यांवर खांब अत्यावश्यक ठरला होता. गैरहजर कोणीच नव्हते.

साहेब घरी येऊन मटकन बसले. बायकोने पाण्याचा पेला पुढे केला.

"अहो, रागावू नका हं. मीही अर्ज दिलाय. म्हटलं, मंजूर करणारा घरचाच माणूस आहे."

"अगं, आपण त्या खांबाच्या जिवावर झोपणार आहोत!"

"म्हणून तर सांगते, बाकीच्यांचे मुळीच काढू देऊ नका. आपला तेवढा एकच."

साहेबांनी हयातभर लोखंडाची आणि काँक्रीटची ताकद मोजली होती. फाईल किती भार पेलते, हे त्यांना त्या दिवशी उमगले. त्यांनी एकही अर्ज फेटाळला नाही. प्रत्येकावर 'तत्त्वतः मंजूर, अभ्यास समितीकडे' असा शेरा मारला, बायकोच्या अर्जावर जरा ठळक. समितीचे अध्यक्ष ते स्वतःच आहेत. बैठक अद्याप भरलेली नाही. फ्लॅटवाले दर महिन्याला कंपनीच्या दिरंगाईचा कडक निषेध करतात, आणि रात्री त्याच दिरंगाईखाली निवांत घोरतात.

तुम्हाला हसू आले असेल. जरूर हसा. पण तुमच्याही हॉलमध्ये असाच एखादा नडणारा खांब असेल, तर त्याला एकदा हात लावून पाहा. लागला हाताला? मग तुमचा अर्ज अजून समितीकडेच आहे.