दातातली पिन

तोंडात पिन धरून बाळाराम मिस्त्री जे बोलायचा, ते अख्ख्या किन्हवलीत दोघांनाच कळायचं. एक मी आणि दुसरी माझी बायको. ती गेली. आता मी एकटाच उरलो.

पिन म्हणजे मशीनच्या वायरीच्या टोकाला असते ती, बोर्डात खुपसायची. लाकूड कापायच्या मशीनचं पातं बदलायला किंवा साफ करायला बसला, की मिस्त्री आधी बोर्डातून पिन उपटायचा आणि दातात धरायचा. तोंडातून वायर लोंबतेय आणि हा पाना फिरवतोय. उंदीर धरलेलं मांजर दिसतं तसा दिसायचा. लोक हसायचे, पण त्याचा हिशोब सरळ होता. पिन दातात असली, की कोणी बटण दाबो नाहीतर लाईट येवो, पातं काही फिरत नाही.

"बोर्डावर भरवसा नाय, बटणावर नाय, लाईटवर तर नायच," तो म्हणायचा. "दात माझे हायेत."

मधे त्यातलाही पुढचा एक पडला. तेव्हापासून पिन डाव्या दाढेत धरायचा.

त्याची शेड माझ्या परसाच्या मागे. दारात एक मोठा खिळा ठोकलाय. आत शिरायचं तर गळ्यातला रुमाल, हातातलं घड्याळ, जे काही लोंबतं ते त्या खिळ्याला. "लोंबेल ते मशीन ओढेल," हे त्याचं ठरलेलं वाक्य. एकदा निवडणुकीला एक पुढारी शाल आणि तीन हार घालून मत मागायला आला. मिस्त्रीने त्याला दारातच सोलला. तो बिचारा नुसत्या शर्टात हात जोडून मत मागून गेला आणि शाल विसरला. परत मागायची त्याला लाज वाटली असावी. वर्षभर ती शाल मशीनवर पांघरलेली होती.

डोळ्याला म्हसा गावच्या जत्रेतला पांढऱ्या काचेचा गॉगल, कानात कापूस. मागून हाक मारायची नाही, खांद्याला हात तर अजिबात लावायचा नाही. समोर जाऊन उभं राहायचं, तो वर बघेपर्यंत. शेणव्याचा एक माणूस पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन असा अर्धा तास उभा होता. शेवटी पत्रिका फळीवर ठेवून निघून गेला. मिस्त्री लग्नाला गेला, तेव्हा तोच माणूस त्याला म्हणाला, आता तुम्ही उभे राहा.

एकदा आसनगावच्या कोणी गिऱ्हाईकाने त्याला हातमोजे आणून दिले. मिस्त्री भडकला. पातं फिरतं तिथे मोजा घालायचा नाय, बोटासकट आत जातो, असं त्याला सुनावलं आणि मोजे माझ्या बायकोला देऊन टाकले. ती ते घालून चुलीवरचा टोप उतरवायची. अजून चुलीमागच्या खुंटीला आहेत.

ती त्याला फार टोमणे मारायची. "भावजी, पिनेइतकी घट्ट बायको धरली असती तर संसार झाला असता." तो पिनेतून काहीतरी गुरगुरायचा. ती हसायची आणि मला सांगायची, "चहा मागतायत."

लग्न त्याने केलं नाही. कामाला जोडीदारही ठेवला नाही. चौकटी, दारं, पलंग, सगळं एकट्याने. जड फळी असली तर मला बोलवायचा, फळी ठेवली की घालवून द्यायचा. मला वाटायचं, माणूस खडूस आहे.

बायको गेली आणि माझं घर गप्प झालं. पोरगा सकाळी आसनगावला गाडी पकडतो, सून शाळेत शिकवायला जाते. मी चौथी शिकलेला म्हातारा, पेपर किती वाचणार? मी मिस्त्रीच्या शेडमधे जाऊन बसायला लागलो. त्याने हाकललं नाही. बोर्डाखाली एक स्टूल ठेवलं, एवढंच. तेवढी एकच जागा होती मला जायला.

तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. एक दिवस फळी अर्धी कापली आणि लाईट गेली. मिस्त्रीने पिन उपटली, दाढेत धरली, आणि पात्याला चिकटलेला राळेचा थर बोटाने काढायला लागला. मी स्टुलावर. माझं डोकं घरी, चुलीजवळ. तेवढ्यात दिवा लागला.

आमच्याकडे लाईट आली की माणूस आधी उठतो आणि बटणं दाबतो. पंप लाव, चक्की लाव, पुन्हा जायच्या आत जेवढं होईल तेवढं कर. हाताची सवयच आहे ती. मी उठलो आणि बोर्डावरची सगळी बटणं दाबली.

मग खाली बघितलं. त्याचा हात पात्यावर होता.

काही झालं नाही. पिन दाढेत होती. पण मी भुशात बसलो. मिस्त्री वायर लोंबवत माझ्याकडे बघत काहीतरी बोलला. मला कळलं. तो म्हणाला, बस जरा, पाणी पी.

मी पाणी न पिताच घरी आलो, आणि परत गेलो नाही. ज्याचं डोकं जागेवर नाही त्याने मशीनजवळ बसू नये. आज त्याची बोटं गेली असती. एवढी एक जागा होती, तीही मीच घालवली, असं मनाशी म्हणत दोन दिवस ओट्यावर पडून राहिलो.

तिसऱ्या दिवशी डोळे उघडले तर मिस्त्री समोर उभा. हाक मारली नव्हती, हात लावला नव्हता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

तो सरळ चुलीकडे गेला. चहा ठेवला. खुंटीवरचे मोजे घालून टोप उतरवला, दोन कप भरले. मग बोलला. तोंडात पिन नव्हती तरी शब्द अडकत होते.

जवानीत तो मुरबाडला एका कारखान्यात होता. तिथला वामन त्याचा जोडीदार, एका ताटात जेवणारा. एक दिवस लाईट गेली. वामन पातं साफ करत होता. लाईट आली आणि बाळारामने बटण दाबलं.

"पिन बोर्डातच होती," तो म्हणाला. "दोन बोटं गेली रे त्याची. तो मला कधी टाकून बोलला पण नाय. तवापासून जोडीदार ठेवला नाय मी. माझाच माझ्यावर भरवसा नाय."

मी म्हटलं, "मग मला कशाला बोलवायला आलास? मी पण तेच केलं."

"म्हणून तर आलो. तू दोन दिवस जेवला नायस, ते दिसतंय. ज्याला बटण दाबल्याचं काहीच वाटत नाय, त्याला मी आत घेणार नाय. तू ये."

संध्याकाळी मी गेलो. रुमाल खिळ्याला टांगला. त्याने पिन उपटली, सवयीने तोंडाकडे नेली, थांबला, आणि माझ्या हातात दिली.

"धर. मी मागेपर्यंत सोडायची नाय."

मी दोन्ही मुठींत धरली. त्याने माझ्याकडे बघितलं, मग सावकाश पात्याला हात घातला.

त्याला आता पुष्कळ दिवस झाले. पिन माझ्याकडेच असते. तोंड मोकळं झाल्यापासून मिस्त्री इतका बोलतो, इतका बोलतो, की एखाद दिवशी वाटतं त्याची पिन त्याला परत द्यावी. पण देत नाही. बायको असती तर म्हणाली असती, भावजींना शेवटी वाचा फुटली.

परवा मुरबाडहून वामन आला होता, नातीसाठी पलंग सांगायला. तीन बोटांच्या हाताने त्याने चहा घेतला. माझ्या मुठीतली पिन बघितली आणि मिस्त्रीला म्हणाला, "बरं केलंस, बाळ्या."

मिस्त्रीने गॉगल काढून पुसला. मी पिन सोडली नाही.