टॅपन स्वीटचा तपास

"फळझाडांच्या दुनियेत माझं नाव नुसतं घ्या, पानं थरथरून गळतात," असं माझे मेहुणे क्लिफ्टन पेल्की सांगतात. आमच्या अमेरिकेतल्या मेन राज्यात ऑक्टोबरात ती कुणाचंही नाव घेतलं तरी गळतात. पण मी पडलो साहाय्यक.

व्हर्नाकाकू स्टॅकपोलच्या खिडकीसमोरचं सफरचंदाचं झाड पाडून गावसमितीला तिथं गाड्या उभ्या करायच्या होत्या. ते 'टॅपन स्वीट' या गावातून हरवलेल्या जातीचं निघालं, तरच वाचणार होतं. दाजींनी पान तोडून डीएनए तपासायला पाठवलं. उत्तर आलं: पानातल्या खुणा बाजारी खुंटाच्या, म्हणजे ज्या साध्या रोपावर कुठलंही कलम बांधतात, त्याच्या.

"कट!" दाजी गरजले. "कुणीतरी झाडच बदललंय!"

"तीस फुटी झाड, दाजी? काकूंना दिसलं नसतं?"

"मोतीबिंदू."

"काढलाय रे मेल्या!" काकू आतून ओरडल्या.

मग संशय शेजाऱ्यावर गेला, तिथून प्रयोगशाळेवर, तिथून साल कुरतडणाऱ्या हरणावर.

"हरणात सफरचंदाचा डीएनए कुठून येणार?"

"तेच तर ते लपवतंय!"

एवढ्यात समितीचा माणूस येऊन बुंध्याला तोडायची खूण म्हणून केशरी फीत बांधून गेला. काकू बाहेर आल्या. फिरून फिरून फितीवर हात फिरवत राहिल्या, जसं तापल्या लेकराच्या कपाळावर.

मग म्हणाल्या, "क्लिफ्टन, पान कुठलं तोडलंस?"

"झाडाचं."

"शिडी चढलास?"

"बुद्धीला शिडी लागत नाही."

"म्हणजे बुंध्याचे हे फुटवे! अरे, कलमाच्या जोडाखालून आलेत ते. तो खुंटच. नवरी बघायला गेलास आणि उंबऱ्याला नाव विचारून आलास!"

शिडी मी चढलो. शेंड्याचं पान तपासायला गेलं, आणि दूरच्या एका फळझाडांच्या संग्रहातल्या एकुलत्या झाडाशी खुणा जुळल्या. टॅपन स्वीट! पेपरात फोटो दाजींचा आला.

फीत सोडायला अख्खी समिती आली. अध्यक्ष प्रेस्कॉटनी ऐतिहासिक फळाचा मोठा घास घेतला. बाकीच्यांनीही घेतला. बराच वेळ कुणी गिळेना.

"इतिहासाची... चव," अध्यक्ष म्हणाले. डोळ्यांत पाणी.

"कडूच आहे," काकू म्हणाल्या. "उगीच हरवलं होय? मी कुठं खाते! वसंतात फुलतं, माझी खिडकी पांढरी होते, म्हणून हवंय. गेल्या वर्षी हेच सांगायला आले होते तुमच्याकडे, तर तुम्ही जात विचारलीत."