नव्वद घोडे

“सगळ्यात लहान इंजिन घे,” एमिल हुदाक बटाट्याचं सारण भरलेली पिरोगी तोंडात कोंबत म्हणाला. “गाडी केवढीशी, माझ्या जेवणाच्या डब्याएवढी. तिला कशाला हवेत एवढे घोडे?”

“तू कधी त्या रॅम्पवर थांबलायस?” त्याच्या बायकोने, मार्लीनने विचारलं.

“कारखान्यात जाताना रोज थांबतो.”

“पोरीला मागे घेऊन?”

एमिलने दुसरी पिरोगी उचलली. पिट्सबर्गात हमरस्त्याला भिडणारा रॅम्प चढून जातो आणि ऐन टोकाशी स्टॉपची पाटी येते. तिथे पूर्ण थांबायचं आणि पोलाद लादलेल्या दोन ट्रकांच्या मधल्या फटीत उभ्या जागेवरून उडी घ्यायची. पलीकडे दवाखाना. छोट्या इव्हाचं कंबरेपासून पायापर्यंतचं प्लास्टर येत्या गुरुवारी निघणार होतं, आणि त्यानंतर डॉक्टर महिनाभर सुटीवर जाणार होते. दिवसपाळीमुळे एमिल येऊ शकत नव्हता. म्हणजे गाडी मार्लीननेच न्यायची.

शिकलेली बाई ती. तिने माहितीपत्रकं परीक्षेसारखी पाठ केली होती. दुकानात गेल्यावर विक्रेत्याने यंदाचं मोठं इंजिन दाखवलं. पत्रकावर बहात्तर अश्वशक्ती.

“गेल्या वर्षी ह्याच इंजिनाला नव्वद लिहिले होते,” मार्लीन म्हणाली.

“इंजिन तेच आहे, मॅडम. पूर्वी नुसतं उघडं इंजिन मोजायचे. आता पंखा, धुराची नळी, सगळं अंगावर चढवून मोजतात. पैलवान बनियनवर किती उचलतो आणि ओव्हरकोट घालून किती, एवढाच फरक.”

मार्लीनला त्याच्या दात दाखवत हसण्यावरूनच विश्वास वाटला नाही. अठरा घोडे असे उगाच गायब होत नाहीत. कोपऱ्यात गेल्या वर्षीची एकच गाडी विकायची उरली होती, मोहरीच्या रंगाची, पत्रकावर नव्वद घोडे. तिने हट्टाने तीच घेतली. तिला एसी होता, म्हणजे इव्हाला घाम यायला नको. गिअर आपोआप बदलत, म्हणजे चढावर गाडी बंद पडायला नको.

एमिलने घरी आल्यावर बॉनेट उघडून पाहिलं आणि हळूच मिटलं.

“एसी लावलास की सात-आठ घोडे त्यातच गेले,” तो म्हणाला. “ते आपोआप गिअरही थोडे खाणार.”

“मग उरले किती?”

“आहेत ते पुरतील गं.”

मार्लीन भांडी घासताना वजाबाकी करत राहिली. त्यात सोबत येणाऱ्या सासूबाईंचं वजन धरल्यावर हिशोब सगळ्यात लहान इंजिनाच्याही खाली गेला.

गुरुवारी तिघी गाडी घेऊन त्या रॅम्पच्या टोकाशी थांबल्या होत्या. मागच्या सीटवर सासूबाई, त्यांच्या मांडीवर इव्हा, शेजारी डॉक्टरांसाठी भाजलेला, अक्रोडाचं सारण भरलेला गोड रोल. समोरून ट्रकामागून ट्रक. मागे भोंगे वाजू लागले.

मार्लीनने एसी बंद केला. रेडिओ बंद केला. फट आली, तिने पेडलवर पाय टेकवला, गाडी हातभर सरकली, फट गेली.

“आई, तो रोल फार जड आहे का?”

“मी उतरून चालत येऊ का?” सासूबाई म्हणाल्या. “प्लास्टर निघेपर्यंत पोचेन मी. तू पोचशील असं दिसत नाही.”

मार्लीनचे डोळे भरून आले. महिनाभर अजून ते प्लास्टर, महिनाभर ती खाज, ते रडणं. इतक्यात मागून बंपरला बंपर टेकला आणि गाडी चालू लागली. कुणीतरी ढकलत होतं. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. दोन्ही गाड्या एकमेकींना चिकटून हमरस्त्यावर गेल्या. एक ट्रक कचकन ब्रेक दाबत मागे राहिला.

दवाखान्याच्या आवारात मागच्या गाडीतून मठातल्या नन, सिस्टर बेनेडिक्टा उतरल्या. सत्तरीच्या. गाडी मार्लीनच्याच बनावटीची.

“सिस्टर, तुमचं इंजिन कोणतं?” मार्लीनने विचारलं.

“सगळ्यात लहान, बाळा. मठाला परवडतं तेवढं.”

“मग त्या ट्रकांसमोर कशा जाता?”

“मी डोळे मिटते.”

प्लास्टर निघालं. इव्हाने पहिली लाथ डॉक्टरांना मारली, दुसरी रोलला. मार्लीन हसली आणि मग तिला आठवलं, अजून परत जायचं आहे. ह्या बाजूलाही रॅम्प होता, टोकाशी तशीच पाटी. ती थांबली. ट्रक येतच होते.

“आई, आपण गर्दी ओसरेपर्यंत...”

“मागे बघ,” सासूबाई म्हणाल्या.

मार्लीनने आरशात पाहिलं. सिस्टर बेनेडिक्टा रॅम्प चढून येत होत्या. ओठ हलत होते. डोळे मिटलेले होते.

मार्लीनने जन्मात प्रथमच पेडल पार तळाला भिडवलं. इंजिन डरकाळलं, गाडी उसळली, आणि ट्रकाच्या नाकासमोरून अशी सुटली की सासूबाईंची टोपी मागच्या काचेला जाऊन चिकटली.

मग सासूबाईंनी टोपी सरळ केली.

“होते की घोडे,” त्या म्हणाल्या. “इतके दिवस त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.”