वीज न गेल्यामुळे न आलेले वादळ

वारा कोणाच्याही परवानगीशिवाय वाहतो, ही प्रशासनापुढची फार जुनी अडचण आहे. त्यातून प्रदेश सपाट असला की विचारूच नका. डोंगर नाही, टेकडी नाही, वाऱ्याला थांबवून "काय, कुठे निघालात?" असं विचारणारं काहीच नाही. अशाच एका सपाट प्रदेशातल्या छोट्या गावाने ही अडचण कायमची निकालात काढली होती. तिथे वारा कधी आणि किती वाहिला हे वीज कार्यालय ठरवत असे.

मूळ नियम साधा होता. नैसर्गिक आपत्तीमुळे वीज गेली, तर ती गेली असे धरू नये. (निसर्गावर कारवाई करता येत नाही, आणि त्याची बदली केली तरी तो हजर होत नाही.) कार्यालयातल्या साहेबांनी हा नियम एका दुपारी तीनदा वाचला आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्या गावातली वीज आजवर निसर्गाशिवाय कोणी घालवलेलीच नाही. त्या दिवसापासून गावात वीज जाणं बंद झालं. वादळं मात्र वाढली.

या वादळांची नोंदवही एका कारकुनाकडे आली. माणूस पापभीरू, अक्षर मोत्यासारखं, आणि कागद कधी दुमडायचा नाही हे व्रत. गाव त्याला वादळराव म्हणायचं आणि त्यालाही ते मनातून आवडायचं. त्याच्या टेबलाची मांडणी अशी होती की खिडकी बरोबर पाठीमागे येई. पण मान वळवायची गरजच नव्हती, कारण समोर काचेखाली तक्ता होता :

वीज गेली नाही : निरभ्र.
पंधरा मिनिटांपर्यंत गेली : झुळूक.
एक तासापर्यंत : सोसाट्याचा वारा.
एक तासाच्या वर : वादळ.
दोन दिवसांच्या वर : अभूतपूर्व (वर्षातून सरासरी तीनदा).

तारेवर कावळा चिकटून मेला, तर वादळराव लिही, "पूर्वेकडून वारा, वजन अंदाजे अर्धा किलो." वायरमन जेवायला गेल्यामुळे लांबलेली वादळं एका वर्षात एकोणीस भरली. त्यांतली चौदा उन्हाळ्यात आली, कारण त्या दिवसांत वायरमन जेवणानंतर जरा आडवा होई. एकूण वादळं दोनशे अकरा. पैकी एकशे चौसष्ट वेळा आकाशात ढगाचा ठिपका नव्हता, पण ढग हा काही विजेचा भाग नाही.

प्रत्येक नोंदीला दोन नागरिकांच्या साक्षीदार म्हणून सह्या लागत. त्या मिळायला कधी अडचण आली नाही. तक्रारीचा अर्ज आणि "वर वर्णन केलेले वादळ आम्ही डोळ्यांनी पाहिले" हा दाखला एकाच कागदावर छापलेला होता. सही केल्याशिवाय वायरमन निघत नसे. त्यामुळे गावातल्या प्रत्येक शहाण्या माणसाने वर्षभरात चार-सहा वादळं पाहिलीच होती. शाळेच्या हेडमास्तरांनी तर चाळीस पाहिली होती, कारण शाळेच्या शेजारीच ट्रान्सफॉर्मर होता.

गावाचा लौकिक बाहेर गेला. हवामानाचा अभ्यास करणारे दोघे दूरवरून आले आणि कार्यालयाच्या गच्चीवर वारा मोजायचं यंत्र बसवून आठ दिवस राहिले. त्या आठ दिवसांत नोंदवहीत सहा वादळं झाली आणि यंत्राची चकती जागची हलली नाही. शेवटी यंत्र बिघडलं आहे असा निष्कर्ष काढून, ते तिथेच सोडून, दोघे ओशाळून निघून गेले. त्याच वर्षी कार्यालयाला अखंडित वीजपुरवठ्याची ढाल मिळाली. चौकात वीस फूट लांब फ्लेक्स लागला. त्यावर एका बाजूला साहेब हसत होते आणि दुसऱ्या बाजूला "अखंडित" हा शब्द होता.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका मंगळवारी भर दुपारी खरं वादळ आलं.

वादळराव तेव्हा घरी जेवायला आला होता. बायको शिवणाच्या मशिनवर बसली होती. शाळेचे बावीस गणवेश तिला शनिवारी द्यायचे होते, आणि मशिन विजेवर चालणारं होतं. बाहेर एकदम पिवळट अंधारून आलं, दारं आपटली आणि पुढच्या क्षणी घरावरचे सगळे पत्रे अंगावरची चादर ओढावी तसे निघून गेले. पाऊस थेट ताटात पडू लागला.

"अहो, पत्रे गेले!" बायको ओरडली.

वादळरावाने सवयीने आधी दिव्याकडे पाहिलं. आडव्या वाशाला लटकलेला दिवा झुलत होता, पण जळत होता.

"अगं, लाइट आहे," तो म्हणाला.

मशिनसुद्धा चालू होतं. वीज का गेली नाही याचा उलगडा पुढेही झाला नाही. वायरमन त्या आठवड्यात रजेवर होता आणि कोणी कशाची दुरुस्ती केली नव्हती, एवढं एकच कारण लोकांना सुचलं.

वादळग्रस्तांना सरकारी पत्रे मिळत. त्याला फक्त एक दाखला लागे, की त्या दिवशी वादळ झालं. हा दाखला लिहिणारा माणूस गावात एकच होता, आणि तो आता भिजलेल्या चपलांनी कार्यालयाचा जिना चढत होता.

साहेब खुशीत होते. "आलात? अहो, आज सबंध दिवस वीज गेली नाही! मला तर विश्वासच बसेना."

"साहेब, मोठं वादळ झालं. माझं छप्पर उडालं."

"अरेरे. वीज किती वेळ गेली?"

"गेली नाही."

साहेबांनी काचेखालच्या तक्त्यावर, पहिल्या ओळीवर, बोट ठेवलं. वारा मोजायचं यंत्र त्या दुपारी गरगर फिरून गच्चीवरून उडालं होतं आणि साहेबांच्या मोटारीवर पडलं होतं. शिपायाने ते "बेवारस वस्तू" म्हणून जमा करून घेतलं.

वादळरावाने धीर करून विचारलं, "साहेब, आज नाही तर उद्या तासाभराच्या वर वीज बंद ठेवली तर? मी उद्याची तारीख टाकतो."

साहेब दुखावले. "म्हणजे खोटी नोंद? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. आपल्या वहीत आजवर एकही खोटी नोंद नाही."

दुसऱ्या दिवशी तो वायरमनच्या घरी गेला. वायरमनही दुखावला. "भाऊसाहेब, मी आयुष्यात कधी मुद्दाम लाइट घालवली नाही. ती आपली आपण जायची. आता जात नाही, त्याला मी काय करू?"

मग त्याने साक्षीदार गाठायचे ठरवले. शेजाऱ्याची पाण्याची टाकी रस्त्याच्या मधोमध उलटी पडली होती. शेजारी तिला वळसा घालून पुढे आला. "वादळ? छे हो. आम्ही तर टीव्ही बघत होतो. टाकी कधीची सैलच होती." हेडमास्तर म्हणाले, "वादळ म्हणजे काय असतं ते मला सांगू नका. चाळीस पाहिलीत मी. वादळात लाइट जाते." शाळेच्या अंगणात आडव्या पडलेल्या झाडावर बसूनच ते हे सांगत होते. कोणी खोटं बोलत नव्हतं, हे वादळरावाला सगळ्यांत जास्त लागलं. त्यांना खरंच काही दिसलं नव्हतं. आणि त्यांचे डोळे असे कोणी केले, हे त्याला नीट माहीत होतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी बायको डोक्यावर प्लास्टिकची टोपी घालून काजं करत होती. भिजलेले गणवेश तिने दोनदा वाळवले होते.

"तुम्ही स्वतः पाहिलंत ना?" तिने सुई न थांबवता विचारलं. "मग लिहा की. दोनशे अकरा न बघता लिहिलीत, एक बघून लिहा."

तो गेला. नोकरीत पहिल्यांदाच त्याने टेबल फिरवून खिडकीकडे तोंड केलं आणि लिहिलं, "मंगळवार. वादळ. मी पाहिले." मग पुढचा रकाना आला : वीज किती वेळ गेली. वादळराव पापभीरू होता. त्याने लिहिलं, "शून्य मिनिटे." साहेबांनी लाल शाईने "वादळ" खोडून वर "निरभ्र" असं दुरुस्त केलं, आणि अक्षराचं कौतुक केलं. साक्षीदाराच्या पहिल्या जागी शेजाऱ्याने आनंदाने सही केली.

गणवेश मात्र शनिवारी गेले. शुक्रवारी सकाळी बायको चौकात गेली, हेडमास्तरांची शिडी लावून फ्लेक्स उतरवला आणि घरावर पक्का ताणून बांधला. कोणी अडवलं नाही, कारण वादळच झालं नसल्यामुळे फ्लेक्स चौकातच असणार, हे उघड होतं. छपाईची बाजू खाली आली. आता वादळराव जेवायला बसला की वरून साहेब हसतात, आणि पाऊस आला की "अखंडित" या शब्दाच्या दुसऱ्या अक्षरातून थेंब थेंब गळतं.

वाचकहो, हे सगळं तुम्हाला अतिशयोक्त वाटत असेल, तर एकदा वर बघा. दिवा चालू आहे? मग नियमाप्रमाणे यातलं काहीही घडलेलं नाही, आणि तुमच्या दारात जे काही उलटं पडलं असेल ते कधीचं सैलच होतं. त्या मंगळवारच्या नोंदीत साक्षीदाराची दुसरी जागा अजून रिकामी आहे. निरभ्र होतं, एवढंच लिहून द्यायचं आहे. पेन वादळराव देईल. सही करायची सवय तुम्हाला आहेच.